मोबाइल कंपन्या एकमेकींना कॉलचे पैसे देतात ते कशाचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत राहतो. अकरा वर्षं एका मोबाइल कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात इंटरकनेक्टचा हिशेब बघायचं काम केलं. म्हणजे आमच्या ग्राहकांनी दुसऱ्या कंपन्यांच्या नंबरवर किती मिनिटं बोलून काढली, त्यांच्या ग्राहकांनी आमच्याकडे किती, आणि महिनाअखेर कोणी कोणाला किती द्यायचे ते जुळवायचं. नोकरी सुटली, पण लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला, लग्नाच्या पंगतीत प्रश्न विचारणारे काही सुटले नाहीत. त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत आणि उत्तरं जमतील तेवढी सरळ दिली आहेत.

आययूसी, आययूसी म्हणतात ते नेमकं काय?

समजा तुम्ही दादरला उभे राहून ठाण्याच्या मेव्हण्याला फोन लावला. तुमचं सिम एका कंपनीचं, त्याचं दुसऱ्या. तुमच्या कंपनीने टॉवरवरून कॉल उचलला, आपल्या स्विचपर्यंत, म्हणजे कॉल पुढच्या वाटेला लावणाऱ्या यंत्रापर्यंत, आणला आणि दोन कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना जोडलेली असतात तिथे दुसरीच्या हातात दिला. या जागेला पॉइंट ऑफ इंटरकनेक्शन म्हणतात, आमच्या तोंडी ‘पीओआय’. पुढचं काम दुसऱ्या कंपनीचं. मेव्हणा आत्ता कुठल्या टॉवरखाली आहे ते शोधायचं, त्याचा फोन वाजवायचा, बोलणं संपेपर्यंत वाट मोकळी ठेवायची. मेव्हणा तर या कॉलचे पैसे देत नाही. मग त्या कंपनीने हे काम कशाच्या जोरावर करायचं? म्हणून तुमच्या कंपनीने तुमच्याकडून घेतलेल्या पैशांतून मिनिटाला ठरावीक रक्कम तिला द्यायची. कॉल पोचवायचा हा मोबदला म्हणजे टर्मिनेशन चार्ज.

आययूसी, म्हणजे आंतरजोडणी वापर शुल्क, हे मोठं नाव आहे. लांब पल्ल्यावर कॉल वाहून नेण्याचं कॅरेज, मधल्या तिसऱ्या कंपनीचं ट्रान्झिट, हे सगळं त्यात येतं. पण वादावादी व्हायची ती टर्मिनेशनवरून, आणि पेपरवालेही आययूसी म्हणताना तेच धरतात.

माझ्या बिलावर तर ते कधी दिसलं नाही.

दिसणार नाही. ते कंपन्यांचं आपसातलं देणंघेणं. पण टर्मिनेशन ३० पैसे असताना दुसऱ्या नेटवर्कवरचा कॉल २० पैशांत विकणं म्हणजे दर मिनिटाला खिशातून भर घालणं, तेव्हा तुमच्या कॉलदराचा तळ तिथेच ठरायचा. एकदाच हे शुल्क ग्राहकाच्या डोळ्यांसमोर नावानिशी आलं, २०१९ मध्ये. त्याची गोष्ट पुढे आहे.

दोन कंपन्या आपसात बघून घेतील. यात सरकारने का पडायचं?

मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि मलाही तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आमच्या गावाकडे, देवरुखच्या पुढे, बरीच वर्षं एकाच कंपनीची रेंज होती. तीही घरात नाही, देवळाच्या पायऱ्यांवर. साहजिकच अख्ख्या वाडीत त्याच कंपनीची सिमं. आता मुंबईतला चाकरमानी कुठल्याही कंपनीचा ग्राहक असो, गणपतीला गाडी कितीला पोचते ते आईला सांगायचं तर त्याला त्या एका कंपनीच्या दारातूनच जावं लागणार. आईपर्यंत पोचायची दुसरी वाट नाही. त्या कंपनीने मिनिटाला दोन रुपये मागितले तर चाकरमान्याची कंपनी काय करील? एक तर देईल आणि त्याच्याकडून वसूल करील, नाहीतर तो नंबर लागणं बंद करील.

शहरातही हेच आहे, फक्त जाणवत नाही. बाजारात चार कंपन्या असोत की दहा, तुमच्या नंबरवर कॉल पोचवू शकणारी कंपनी एकच, तुमच्या सिमची. प्रत्येक कंपनीची आपल्या ग्राहकांच्या दारापुरती मक्तेदारी असते. बरं, ज्याच्या दारावर हा टोल बसतो तो स्वतः काही भरत नाही, भरतो समोरचा. त्यामुळे “तुमचं टर्मिनेशन महाग आहे” म्हणून कोणी आपली कंपनी सोडत नाही. दर खाली ओढणारी स्पर्धा इथे नाहीच.

लहान किंवा नवीन कंपनीची तर पंचाईतच. तिचे ग्राहक थोडे, म्हणून तिच्याकडून निघणारे बहुतेक कॉल मोठ्या कंपन्यांकडे जाणार. मोठ्या कंपन्यांनी दर चढा ठेवला की ती कॉल स्वस्तात विकू शकत नाही, आणि स्वस्तात विकले नाहीत तर नवीन ग्राहक येत नाहीत. म्हणून दर ठरवायला तिऱ्हाईत लागतो. आपल्याकडे तो तिऱ्हाईत म्हणजे ट्राय, दूरसंचार नियामक प्राधिकरण, १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेलं.

पूर्वी आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे ना?

पडायचे. १९९५ मध्ये देशात मोबाइल सुरू झाला. मुंबईत पहिल्या दोन कंपन्या बीपीएल मोबाइल आणि मॅक्सटच. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि फोन आला तरी मीटर पडायचं. त्यामुळे मोबाइलवर नाव बघायचं, कॉल तोडायचा आणि नाक्यावरच्या डब्यात रुपयाचं नाणं टाकून उलटा फोन करायचा ही कित्येकांची रीत होती.

१ मे २००३ पासून ‘कॉल करणाऱ्याने पैसे द्यायचे’ ही पद्धत लागू झाली आणि इनकमिंग फुकट झालं. महाराष्ट्र दिनाचा तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे. मोबाइल घरोघरी गेला तो खऱ्या अर्थाने त्यानंतर. भाजीवाला, रंगारी, प्लंबर यांना फोन लागायचा तो कामं यायला, आणि आता काम सांगणारा फोन आला म्हणून पैसे जात नव्हते. हे ज्या हिशेबावर उभं राहिलं तो टर्मिनेशनचा होता. ऐकणारा पैसे देत नाही, तेव्हा त्याच्या कंपनीचा खर्च बोलणाऱ्याच्या कंपनीने भरायचा.

दर कसकसा उतरत गेला?

सुरुवातीला कॉल कुठून कुठे जातो त्यावर वेगवेगळे दर होते. १ फेब्रुवारी २००४ पासून सगळीकडे एकच, मिनिटाला ३० पैसे. पाच वर्षांहून जास्त तो टिकला. १ एप्रिल २००९ ला २० पैसे, १ मार्च २०१५ ला मोबाइल ते मोबाइल १४ पैसे. मग १ ऑक्टोबर २०१७ ला एकदम ६ पैसे. त्याच आदेशात पुढचंही लिहिलेलं होतं, १ जानेवारी २०२० पासून शून्य. प्रत्यक्षात शून्य व्हायला आणखी एक वर्ष लागलं. १ जानेवारी २०२१ पासून देशातल्या देशात टर्मिनेशन चार्ज नाही.

पाच मिनिटांच्या एका कॉलमागे बघा. २००४ मध्ये दीड रुपया दुसऱ्या कंपनीला जायचा, २००९ मध्ये एक रुपया, २०१५ मध्ये ७० पैसे, २०१७ मध्ये ३० पैसे, आज काही नाही.

हे आकडे येतात कुठून? कोणी मनाला येईल तसे ठरवतं का?

नाही. ट्राय आधी चर्चापत्र काढतं, कंपन्या आणि ग्राहक संघटना लेखी म्हणणं मांडतात, खुली चर्चा होते, मग आदेश येतो आणि त्याला कारणांचं लांबलचक निवेदन जोडलेलं असतं. ही सगळी कागदपत्रं कोणालाही वाचता येतात. मी ती वाचत आलो आहे आणि सांगतो, कंटाळवाणी असली तरी प्रामाणिक भांडण बघायला मिळतं.

भांडण एकाच मुद्द्यावर असतं, खर्च कशाला म्हणायचं. कंपनीने टॉवर उभारला, स्पेक्ट्रम विकत घेतला, डिझेल जाळलं, माणसं ठेवली. या सगळ्याचा वाटा येणाऱ्या प्रत्येक मिनिटावर टाकला तर आकडा मोठा येतो. जुन्या, मोठ्या कंपन्यांची मागणी ही असायची. दुसरी रीत अशी की टॉवर तर आपल्या ग्राहकांसाठी उभा आहेच, बाहेरून येणारे कॉल आलेच नसते तर कंपनीचा नेमका किती खर्च वाचला असता तेवढाच धरायचा. पावणेरावळे जेवायला आले तर वाढीव तांदूळ-भाजीचा हिशेब करायचा, घराचं भाडं त्यांच्या ताटावर लावायचं नाही, असं काहीसं. २०१७ चा दर या दुसऱ्या रीतीने आला, म्हणून तो एवढा खाली आहे.

त्यात तंत्रज्ञान बदललं. फोरजीवर आवाजसुद्धा डेटाच्या पाकिटांसारखाच जातो, आणि एका मिनिटाच्या बोलण्याला लागणारा डेटा इतका थोडा असतो की त्याची वेगळी किंमत काढत बसणंच महाग पडावं. शून्याच्या बाजूचा सगळ्यांत जोरकस मुद्दा हा होता.

महिन्याचा हिशेब व्हायचा कसा? प्रत्येक कॉलचे पैसे पाठवायचे?

प्रत्येक कॉलची नोंद दोन्हीकडच्या स्विचमध्ये होते. कोणी, कोणाला, किती वाजता, किती सेकंद. तिला सीडीआर म्हणतात. महिना संपला की दोघी आपापली बेरीज काढायच्या आणि ताळा करायच्या. धरा, पहिलीकडून दुसरीकडे १० कोटी मिनिटं गेली आणि दुसरीकडून पहिलीकडे ७ कोटी आली. फरक ३ कोटी मिनिटांचा. १४ पैसे दर असताना पहिलीने महिन्याला ४२ लाख रुपये द्यायचे, ६ पैसे झाल्यावर १८ लाख. म्हणजे खरा प्रश्न दर किती हा नसतो, कॉलचा ओघ कोणीकडे वाहतो हा असतो. दोन्हीकडची मिनिटं सारखी असतील तर दर १० पैसे काय नि १० रुपये काय, देणंघेणं जवळपास शून्यच.

आकडे कधीच तंतोतंत जुळायचे नाहीत. एकदा आमच्या आणि समोरच्यांच्या बेरजेत एवढा फरक आला की दोन रात्री मी घरी गेलो नाही. शेवटी कळलं की दोन स्विचच्या घड्याळांत थोडं अंतर होतं, आणि महिन्याच्या शेवटच्या रात्री बाराच्या सुमारास चालू असलेले कॉल आम्ही एका महिन्यात धरले होते, त्यांनी दुसऱ्या. ती रात्र होती ३१ डिसेंबरची. बारा वाजता सगळं शहर एकमेकांना फोन लावत होतं.

२०१६ मध्ये नव्या कंपनीचे कॉल लागतच नव्हते. ते याच कारणाने?

याच भांडणाचा तो दुसरा चेहरा. पैशांच्या आधी जोडणी लागते. पीओआयवर दोन कंपन्यांमधल्या वाहिन्या असतात, आणि जुन्या पद्धतीच्या एका ई-वन वाहिनीवर एका वेळी ३० कॉल जातात. एकतिसावा आला की त्याला वाट नाही. ग्राहकाला फक्त “सर्व लाइन्स व्यस्त आहेत” ऐकू येतं आणि दोष तो आपल्या कंपनीला देतो. नियम असा की पीओआयवर हजारात पाचपेक्षा जास्त कॉल अडता कामा नयेत.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाली ती व्हॉइस कॉल फुकट ठेवून. तिकडून कॉलचा लोंढा निघाला आणि पीओआय तुंबले. जिओचं म्हणणं, बाकीचे मुद्दाम वाहिन्या देत नाहीत. बाकीच्यांचं म्हणणं, फुकट कॉलचा एवढा भार आम्ही का सोसायचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने एअरटेल आणि व्होडाफोनला प्रत्येकी १,०५० कोटी आणि आयडियाला ९५० कोटी, असा एकूण ३,०५० कोटी रुपयांचा दंड करावा अशी शिफारस सरकारला केली.

हे प्रकरण आपल्या फोर्टमधल्या मुंबई उच्च न्यायालयातही आलं होतं. स्पर्धा आयोगाने या कंपन्यांची संगनमताबद्दल चौकशी करायचा आदेश दिला होता. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये तो रद्द केला आणि ५ डिसेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. दूरसंचाराचे तांत्रिक प्रश्न आधी ट्रायने सोडवावेत, स्पर्धा आयोगाची पाळी त्यानंतर. मला हा क्रम बरोबर वाटतो. वाहिन्या कमी होत्या की मुद्दाम कमी ठेवल्या, हे ठरवायला स्विच कळावा लागतो.

पुढे २०१८ च्या नियमांनी जोडणी मागितल्यावर ३० दिवसांत करार करण्याचं बंधन घातलं.

एखाद्या कंपनीला ट्रायचा दर पटला नाही तर?

उच्च न्यायालयात रिट. दूरसंचाराचं वेगळं लवाद आहे, टीडीसॅट, पण ट्रायने केलेल्या नियमांच्या वैधतेचा प्रश्न तिथे काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केलं. कंपन्यांचे आपसातले बाकीचे तंटे मात्र टीडीसॅटकडेच.

२०१९ मध्ये सहा पैसे मिनिट आमच्याकडून का घेत होते?

कारण शून्याची तारीख पुढे जाणार अशी चिन्हं दिसायला लागली. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रायने चर्चापत्र काढलं की कंपन्यांमधल्या कॉलचा ओघ अजून समतोल नाही, फोरजीवर बोलणारेही पुरेसे वाढलेले नाहीत, तर शून्य लांबवावं का? जिओने ९ ऑक्टोबरला जाहीर केलं की शून्य होईपर्यंत दुसऱ्या नेटवर्कवरच्या कॉलचे मिनिटाला ६ पैसे ग्राहकाकडून घेऊ. १० रुपयांचं टॉप-अप, त्यात १२४ मिनिटं. बदल्यात १ जीबी डेटा. डिसेंबरमध्ये ट्रायने खरंच मुदत एक वर्षाने वाढवली.

आमच्या नाक्यावरच्या रिचार्जवाल्याची तेव्हाची अवस्था मी पाहिली आहे. दिवसभर एकच प्रश्न, “फ्री होतं ना, मग आता कसले दहा रुपये?” मला बोलावून घेतलं त्याने. मी टॉप-अपच्या जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन टॉवर आणि मधे एक बाण काढून दिला. तो कागद काउंटरच्या काचेखाली पुढे वर्षभर होता.

तेव्हा फोनची रिंगही लवकर बंद व्हायची. मला भास झाला की खरंच?

खरंच. इथे मिस कॉल या आपल्या लाडक्या सवयीचा संबंध येतो. न उचललेल्या कॉलला टर्मिनेशन पडत नाही. पण मिस कॉल पाहून समोरच्याने उलटा फोन केला, तर ‘कॉल करणारा’ तो ठरतो आणि पैसे त्याच्या कंपनीला पडतात. ज्या नेटवर्कवर बोलणं फुकट तिथल्या माणसाला सगळे मिस कॉल देणार हे उघड आहे. “तुझं फुकट आहे ना, तूच कर.” हे वाक्य कोणी ऐकलं नसेल असं घर नाही. जिओची तक्रार हीच होती.

मग रिंग किती सेकंद वाजावी यावर कुरघोडी सुरू झाली. रिंग लवकर तुटली की कॉलचा मिस कॉल होतो आणि ओघ उलटा फिरतो. जिओने वेळ कमी केली, मग इतरांनीही २५ सेकंदांवर आणली. घरात फोन चार्जिंगला लावलेला, म्हातारं माणूस उठून जाईस्तोवर रिंग बंद. १ नोव्हेंबर २०१९ ला ट्रायने ठरवून दिलं की मोबाइलवर रिंग ३० सेकंद वाजली पाहिजे, लँडलाइनवर ६०. पैशांचा एक नियम अर्धवट राहिला की तो कुठे कुठे फुटून निघतो याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

लँडलाइनचं काय?

मार्च २०१५ पासून लँडलाइनशी संबंधित देशांतर्गत कॉलना टर्मिनेशन शून्य. लँडलाइन टिकावी हा हेतू.

मुंबई सर्कल वेगळं का? आपण महाराष्ट्रात नाही का?

परवाने देताना मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण एक्स्चेंजचा भाग मिळून एक वेगळं सर्कल केलं. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा दुसरं. कारण व्यापारी होतं, मुंबईच्या परवान्याला स्वतंत्र किंमत येत होती. त्याचा ताप सामान्य माणसाने बरीच वर्षं सोसला. पुण्याला निघालं की लोणावळा यायच्या आत रोमिंगचा मेसेज हजर, आणि पुण्याची मावशी म्हणजे एसटीडी. पुढे मुंबई ते महाराष्ट्र हे कॉल एकाच सर्कलमधले धरले गेले, एक रुपयात देशभर बोलण्याच्या योजना २००६ मध्ये आल्या, आणि आता तर सर्कल कोणालाच आठवत नाही. सिम घेताना आणि पोर्ट करताना मात्र ते नाव अजून भेटतं.

शून्य झाल्याने फायदा कोणाचा झाला, तोटा कोणाचा?

बोलणाऱ्याचा फायदा झाला, यात मला शंका नाही. नेटवर्क कुठलं हे न बघता फोन लावता येतो. नंबर पोर्ट करायची सोय २०११ मध्ये देशभर आल्यापासून नंबरावरून कंपनी ओळखूच येत नाही, तेव्हा ‘आपल्या नेटवर्कवर स्वस्त, दुसऱ्यावर महाग’ हा प्रकार ग्राहकाची फसवणूक होण्याच्या लायकीचा झाला होता. तो संपला हे चांगलं झालं.

पण ज्याला फक्त फोन येतात, जो करत नाही, त्याचं काय झालं ते कोणी फारसं बोलत नाही, म्हणून मी इथे सविस्तर लिहितो.

२००५ च्या शेवटी आणि २००६ मध्ये ‘लाइफटाइम’ कार्डं आली. ९९९ रुपये एकदा भरा, इनकमिंग कायमचं चालू. कंपन्यांना हे परवडत होतं, कारण येणाऱ्या प्रत्येक मिनिटाला समोरची कंपनी ३० पैसे मोजत होती. गावची आई महिन्याला एक रुपयाचाही रिचार्ज न करता, मुंबईच्या तीन मुलांशी मिळून २०० मिनिटं बोलली, तर तिच्या कंपनीला ६० रुपये येत होते. ती तोट्याची ग्राहक नव्हती. २०१७ मध्ये त्याच २०० मिनिटांचे १२ रुपये झाले आणि २०२१ मध्ये काहीच नाही.

२०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी महिन्याला किमान ३५ रुपयांचं रिचार्ज आणलं, नाहीतर आधी जाणारे कॉल बंद, मग येणारे. स्पर्धा होती, तोटे होते, कारणं अनेक होती. पण फक्त ऐकणाऱ्या ग्राहकाच्या पदरात कंपनीला देण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, हेही त्यातलं एक कारण, असं हिशेबाला बसलेला माणूस म्हणून माझं ठाम मत आहे.

माझ्या आईकडे असंच लाइफटाइम कार्ड होतं. कुठल्या कंपनीचं ते राहू दे. इनकमिंग बंद होणार असा मेसेज इंग्रजीत आला, तिला तो वाचता आला नाही. चार दिवस फोन वाजला नाही. तिला वाटलं आम्ही भावंडं भांडलो, म्हणून कोणी करत नाही. आम्हाला वाटलं रेंज गेली असेल. शेवटी शेजारच्या काकांच्या फोनवरून तिचा आवाज ऐकला, “सगळे बरे आहात ना रे?” मी आयुष्यभर ज्या पैशांचा ताळा केला ते पैसे तिच्यापर्यंत पोचणाऱ्या रिंगचे होते, हे मला त्या दिवशी कळलं.

शून्य चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण ते आणताना केवळ इनकमिंगसाठी फोन ठेवणाऱ्यांना अगदी थोडक्या पैशांत वर्षभराची मुदत द्यायचं बंधन जोडीला घालायला हवं होतं.

आता फक्त कॉलचं रिचार्ज मिळतं का? आजीला इंटरनेट नको आहे.

मिळतं, दुकानात मागून घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून, फक्त कॉल आणि एसएमएसचं निदान एक तरी व्हाउचर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. स्पेशल व्हाउचरची मुदत आधी जास्तीत जास्त ९० दिवस असायची, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. किंमत मात्र कंपन्याच ठरवतात, त्यामुळे दोन-तीन कंपन्यांची व्हाउचरं ताडून पाहा. ॲपवर अशी व्हाउचरं बऱ्याचदा खाली असतात, शेवटपर्यंत सरकवत जा.

व्हॉट्सॲपवरच्या कॉलला हे शुल्क लागतं?

नाही. तो डेटा. पीओआयमधून कॉल म्हणून तो जातच नाही.

एसएमएसला?

२०१३ मध्ये एसएमएसचं टर्मिनेशन २ पैसे ठरलं. कंपन्या आणि बँका पाठवतात त्या व्यवहाराच्या मेसेजना वेगळं ५ पैसे शुल्क लावलं गेलं. नको असलेल्या मेसेजचा पूर थोपवणं हा त्यामागचा एक विचार.

बाकीच्या देशांत काय करतात?

दिशा सगळीकडे खालीच. युरोपीय संघाने सगळ्या सदस्य देशांसाठी एकच कमाल दर ठरवला आणि तो उतरवत २०२४ मध्ये मोबाइलसाठी मिनिटाला ०.२ युरोसेंटवर आणला. अमेरिकेने २०११ मध्येच शून्याच्या वाटेने जायचं ठरवलं.

परदेशातून मुलगा फोन करतो, तेव्हाही शून्य का?

नाही, तिथे अजून पैसे आहेत. बाहेरून येणाऱ्या कॉलचं टर्मिनेशन २००९ मध्ये ४० पैसे होतं, २०१५ मध्ये ५३, १ फेब्रुवारी २०१८ पासून ३०. १ मे २०२० पासून ट्रायने एक आकडा न ठरवता ३५ ते ६५ पैशांचा पट्टा दिला. हे पैसे परदेशातल्या कंपनीकडून येतात, आपल्या माणसाकडून नाही, म्हणून ते शून्य करायची घाई कोणाला नाही.

दुबईहून भावाचा फोन येतो, पण स्क्रीनवर कधी कधी इथलाच दहा आकडी नंबर दिसतो. असं का?

असे कॉल उचलताना सावध राहा. आताच सांगितलं, बाहेरून आलेल्या मिनिटाला पैसे पडतात आणि इथल्या इथल्या मिनिटाला पडत नाहीत. हा फरक खिशात घालायला काही जण चोरटा मार्ग काढतात. परदेशातला कॉल इंटरनेटवरून इथल्या एखाद्या खोलीत आणायचा, तिथे सिमकार्डांनी भरलेलं एक यंत्र असतं, सिमबॉक्स, त्यातल्या सिमवरून तो स्थानिक कॉल म्हणून पुढे ढकलायचा. भावाने स्वस्त म्हणून घेतलेलं कॉलिंग कार्ड अशा वाटेवरचं असू शकतं, त्याला कल्पनाही नसेल.

यात कंपनीचे आणि सरकारचे पैसे बुडतात. त्याहून वाईट म्हणजे कॉल खरा कुठून आला याचा माग राहत नाही, आणि फसवणूक करणाऱ्यांना तेच हवं असतं. त्या यंत्रातली सिमं कोणाच्या तरी आधारवर काढलेली असतात. ते नाव तुमचंही असू शकतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर किंवा ॲपवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं, आणि परदेशातला कॉल भारतीय नंबरावरून आल्याची तक्रारही तिथेच करता येते. भावाचा कॉल संपल्यावर स्क्रीनवरचा नंबर आणि वेळ कागदावर उतरवून ठेवा, तक्रारीत दोन्ही लागतात.